तीनपेक्षा चार मोठे

संपादकांचा फोन आला तेव्हा मी एका कॅबिनेटमधून झुरळं काढत होतो. ते म्हणाले, "तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा, अंकाला हलकंफुलकं काहीतरी हवं आहे." गमतीदार हा शब्द त्यांचा. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात गमती पुष्कळ होतात, फक्त त्या होतात तेव्हा ग्राहक समोर उभा असतो आणि हसता येत नाही. पंचवीसेक वर्षांचं न हसलेलं माझ्याजवळ साठलं आहे, त्यातलं थोडं इथे हसून घेतो. शेवटाकडे हसू आलं नाही तर संपादकांनी माफ करावं.

नंदनवन नावाच्या वस्तीत माझं दुकान आहे. वडील आयुष्यभर हातमागावर बसले. माझ्या हाती धोट्याऐवजी स्क्रूड्रायव्हर आला. नातेवाइकांपैकी निम्म्यांना अजून वाटतं की मी टीव्ही दुरुस्त करतो, आणि उरलेल्यांना वाटतं की मी त्यांचा मोबाइल फुकटात दुरुस्त करीन. दोन्ही चूक आहे, पण लग्नकार्यात वाद घालायला मला आवडत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: कॉम्प्युटर स्लो झाला. त्याचा इलाज पुष्कळदा रॅम वाढवणं हा असतो. ज्यांनी कॉम्प्युटर कधी उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हार्डडिस्क म्हणजे घरातली कोठीची खोली, तिथे सगळं सामान भरून ठेवलेलं असतं. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. कोठीत धान्याची पोती असली तरी स्वयंपाक ओट्यावरच होतो, आणि ओटा वीतभर असेल तर परात ठेवायला पोळपाट उचलावा लागतो. ही उचलठेव म्हणजे स्लो होणं. ओटा वाढवला की काम सुरळीत होतं.

आता पंचाईत अशी की रॅम नावाची पट्टी बाजारात एकच नसते. डीडीआर टू, थ्री, फोर, फाइव्ह अशा तिच्या पिढ्या आहेत. पट्टीला खालच्या बाजूने सोनेरी दात असतात आणि दातांच्या मधे एक खाच असते. मदरबोर्ड म्हणजे आतला मुख्य सर्किट बोर्ड, त्याच्यावर जिथे पट्टी बसते तिथे त्या खाचेच्या मापाचा एक उंचवटा असतो. दर पिढीला ही खाच थोडी सरकवली आहे, म्हणजे एका पिढीची पट्टी दुसऱ्या पिढीच्या बोर्डात बसूच नये. कंपन्यांनी माणसाच्या अकलेवर विश्वास न ठेवता केलेली ही एक चांगली गोष्ट. त्याशिवाय लॅपटॉपची पट्टी आखूड, डेस्कटॉपची लांब. बोर्ड जास्तीत जास्त किती जीबी ओळखतो, जुन्या बोर्डाला कोणत्या चिपची पट्टी दिसते आणि कोणती दिसतच नाही, अशा बारीक अटी वेगळ्या. म्हणून दुकानात मी एक पाटी लावली आहे: जुनी रॅम दाखवल्याशिवाय नवी मिळणार नाही. ही पाटी वाचून आजवर एकही माणूस परत गेला नाही, कारण ती कोणी वाचतच नाही.

आमच्याच गल्लीमागचे एक निवृत्त अधिकारी एकदा आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सोळा जीबी द्या."

"कोणत्या मशीनला?"

"काळ्या."

मी म्हटलं, काका, रंगावरून नाही सांगता येत, जुनी पट्टी काढून आणा. त्यांना ते अपमानास्पद वाटलं. "माझा भाचा पुण्याले आयटीत आहे. त्यानं फोनवर सांगतलं, सोळा जीबी घ्या म्हणून."

"त्यानं मशीन पाहिली का?"

"त्याले पाहायची गरज नाही पडत."

ते गेले आणि त्यांनी भाच्याच्या सल्ल्याने ऑनलाइन मागवली. आठवड्याने पाकीट घेऊन परत आले, चेहरा कंपनीवर खटला भरायला निघाल्यासारखा. पट्टी लॅपटॉपची होती. काउंटरवर ठेवून म्हणाले, "अर्धीच पाठवली त्याईनं. बाकीची अर्धी येईल की तक्रार करू?" मी तोंड फिरवून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधत राहिलो.

उलट नरखेड तालुक्यातला एक संत्र्याच्या बागेचा मालक. त्याला मी फोनवर "जुनी आणा" एवढंच सांगितलं होतं. तो मोटरसायकलवर मागे कॅबिनेट, पुढे मॉनिटर आणि गळ्यात पिशवी अडकवून आला. पिशवीत कीबोर्ड, माउस, सगळ्या वायरी आणि भिंतीवरून काढून आणलेला प्लगचा बोर्डसुद्धा. म्हणाला, "तुमी म्हनलं जुनी आना. यातली कोनती थे मले समजत नाई, म्हनून सगळंच घेऊन आलो." पंचवीस वर्षांत एवढा शहाणा ग्राहक मला दुसरा मिळाला नाही.

त्याच्या मशीनला नवी रॅम लागणारच नव्हती. पट्टीचे दात काळे पडले होते. आमच्या धंद्यातलं मोठं गुपित सांगतो: अशा वेळी पट्टी काढायची, शाळकरी खोडरबराने दात घासायचे आणि परत लावायची. मशीन उठून बसते. पण ग्राहकासमोर खोडरबर काढलं की तो निराश होतो. त्याला वाटतं, एवढंच होतं तर हे घरी नसतं केलं? म्हणून मी मशीन आत नेतो, दोन मिनिटं घासतो आणि तासभर "टेस्टिंगला" ठेवतो. नरखेडच्या माणसाला तर दीड तास बसवलं, इतक्या लांबून आला होता बिचारा. तो खूश होऊन गेला आणि पुढच्या खेपेला संत्र्यांची पिशवी देऊन गेला. ती मी कुठलीही लाज न वाटता खाल्ली. एवढं सांगतो आहे ते अशासाठी की, खोटं बोलायची सवय मला एकदम नाही लागली.

पराते मॅडम पहिल्यांदा आल्या त्या एका शनिवारी दुपारी. शहरातल्या एका खाजगी शाळेत त्या कॉम्प्युटर लॅब सांभाळायच्या. शाळेचं नाव लिहीत नाही, ज्यांनी ओळखायचं ते ओळखतील. कामठीहून रोज शेअर ऑटोने आणि मग बसने यायच्या. नवरा पॉवरलूमवर कामाला, आणि लूम चालू असण्यापेक्षा बंद असायचेच दिवस जास्त. मुलगी बारावीला. घर मॅडमच्या पगारावर चालायचं आणि पगार अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघायची. अशा आठ ऑर्डरी झाल्या होत्या.

त्यांनी पिशवीतून मुलीची जुनी कंपासपेटी काढली. आत कापसात गुंडाळलेली रॅम होती. जुनी रॅम सोबत आणणारा, तीही कापसात, असा ग्राहक आला की मी चहा मागवतो.

"भाऊ, मशिनी एवढ्या हळू चालून राहिल्या," त्या म्हणाल्या, "पोरगं पासवर्ड टाकते, पानी पिऊन येते, तरी स्क्रीन उघडत नाई. आता पोराईच्या ऑनलाइन परीक्षा आल्या. संस्थेचे साहेब म्हणते का मॅडमले शिकवताच येत नाई."

पट्टीवरचं लेबल वाचलं. डीडीआर थ्री, डेस्कटॉपची, चार जीबी. शाळेत एकसारख्या वीस मशिनी होत्या. पुढच्या शनिवारी मी लॅबमध्ये जाऊन वीसही उघडून पाहिल्या. प्रत्येक बोर्डवर दोन जागा, एकीत चार जीबी आणि दुसरी रिकामी. तिथे आणखी एक तशीच पट्टी बसवली की झालं. खिशात एक नेली होती, ती माल आला की परत घ्यायच्या बोलीवर तीन नंबरच्या मशीनला लावून दिली. दोन दिवसांनी मॅडमचा फोन आला की मुलं त्या एका मशीनसाठी भांडून राहिली आहेत.

मग माझ्याच काउंटरवर बसून त्यांनी मागणीचा कागद लिहिला. मी सांगत होतो, त्या लिहीत होत्या. डीडीआर थ्री, डेस्कटॉपसाठी, चार जीबी, वेग अमुक, नग वीस, मशीन क्रमांक तीनवर लावून तपासली आहे. अक्षर असं की फळ्यावर लिहिल्यासारखं. "थ्री" या शब्दाखाली मी त्यांना दोन रेघा मारायला लावल्या.

पुढचं मला काही मॅडमकडून कळलं आणि बरंचसं पीटीच्या सरांकडून, त्यांच्या पोटात काही राहत नाही. कागद शाळेच्या खरेदी समितीकडे गेला. समितीत तिघं जण: संस्थेचे सचिवसाहेब, हेडक्लार्क आणि पीटीचे सर. पीटीचे सर का, तर आदल्या वर्षी त्यांनी फुटबॉल चांगले आणले होते.

हेडक्लार्कनी कागद वाचून दाखवला. सचिवसाहेबांनी विचारलं, "थ्रीच्या वर काही येते का?"

हेडक्लार्कनी मोबाइलमध्ये पाहिलं. "फोर येते, साहेब."

"मग आपण थ्री काहून घ्यायची? जमाना समोर जाऊन राहिला आणि आपण मागचं घेऊन राहिलो."

पीटीचे सर म्हणाले, "फाइव्ह पण येते म्हणते, साहेब."

यावर सचिवसाहेबांनी विचार केला आणि म्हणाले, "एकदम फाइव्ह नको. ऑडिटवाले विचारतील."

अशा रीतीने सुवर्णमध्य साधून चार हा आकडा मंजूर झाला. तीनपेक्षा चार मोठे हे गणित बरोबरच आहे, शाळेत त्यात कोणी चूक काढू शकत नाही. मॅडम त्या वेळी दोन वर्गखोल्या पलीकडे शिकवत होत्या. त्यांना बोलावून विचारावं असं तिघांपैकी कोणालाही वाटलं नाही, कारण त्या समितीत नव्हत्या. हेडक्लार्कनी मागणी नव्याने टाइप केली, दोन रेघा गेल्या आणि थ्रीचं फोर झालं. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं आली. तीन वेगवेगळ्या लेटरहेडांवर, तिन्हींवर एकच हस्ताक्षर. त्यातलं सर्वांत कमी किमतीचं निवडताना समितीने म्हणे बराच वेळ चर्चा केली.

माल आला. वीस सीलबंद पाकिटं. पीटीच्या सरांनी उत्साहात वीसही एकदम फोडली. पाकीट फोडलं की माल परत जात नाही, हे फुटबॉलला लागू नसल्याने त्यांना ठाऊक नव्हतं. मग त्यांनी स्वतः बसवायला घेतलं. मॅडमचा मला फोन आला तो हळू आवाजात. "भाऊ, लवकर या. सर जोर लावून राहिले."

मी स्कूटर काढून पोचलो तेव्हा एका मशीनचं झाकण उघडं होतं. पीटीचे सर बाह्या वर करून पट्टीवर दोन्ही अंगठे दाबत होते. समोर खुर्चीवर सचिवसाहेब, बाजूला हेडक्लार्क फाइल घेऊन. मॅडम भिंतीशी उभ्या.

"सर, थांबा," मी म्हटलं.

"बसतेच आहे आता," ते म्हणाले आणि कट्‌ असा आवाज आला. पट्टीची जागा मुळातून तडकली होती. बोर्ड गेला. सरांना वाटलं बसली. त्यांनी समाधानाने घाम पुसला.

मी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून खाचा दाखवल्या. ही इथे, ती तिथे. ही पिढी या बोर्डात बसणं शक्य नाही. सचिवसाहेबांनी चष्मा लावून दोन्ही नीट न्याहाळल्या आणि म्हणाले, "मग बोर्डावरचा तो उंचवटा सरकवून घ्या न."

"तो सरकत नाही, साहेब."

"कानसीनं थोडं घासलं तर?"

मी नाही म्हटलं. पीटीचे सर म्हणाले की त्यांच्या ओळखीचा एक वेल्डिंगवाला आहे. हे सगळं मी शांतपणे ऐकून घेतलं, कारण मला तोवर ती गंमतच वाटत होती.

मग हेडक्लार्कनी फाइल उघडली आणि म्हणाले, "मागणी तर मॅडमचीच होती."

सगळे मॅडमकडे बघू लागले. त्या म्हणाल्या, "मी थ्रीच लिहिलं होतं, सर. त्याखाली रेघा पण मारल्या होत्या."

"फाइलीत तसा कागद नाही," हेडक्लार्क म्हणाले. ते खरंच होतं. फाइलीत टाइप केलेला कागद होता, हाताने लिहिलेला नव्हता.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तो कागद त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होता, पण तसं सांगू शकेल असा समितीबाहेरचा माणूस मीच होतो. मी तोंड उघडणार तेवढ्यात सचिवसाहेब उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चला, चहा घेऊ."

त्यांच्या केबिनमध्ये चहासोबत बिस्किटंही आली. साहेब फार समजूतदारपणे बोलले. "हे पहा भाऊ, कोनाची चूक, कोनाची नाही, कशाला उकरून काढायचं? बाईमानूस आहे, उगीच तिच्यावर येईल. तुम्ही जाणकार आहात. तुमच्या लेटरहेडवर एक दाखला द्या, की या मशिनी कालबाह्य झाल्या आहेत, यांच्यात नवीन मेमरी लागत नाही. विषय संपला. कोनाचाच दोष नाही."

"आणि या वीस पट्ट्या?"

"नवीन मशिनी घेऊ न. या पट्ट्या बसतील अशा." ते सहज म्हणाले. "आणि त्यांची वर्षभराची देखभाल तुमच्याकडे. आपल्याले भरवशाचा मानूस पाहिजे."

वाचकहो, हे पुन्हा एकदा वाचा. रॅम मशिनींना बसत नव्हती म्हणून रॅमला बसतील अशा वीस मशिनी घ्यायचं ठरलं. बटण शर्टाला जुळेना म्हणून बटणाला जुळणारा शर्ट शिवणारी माणसं मी अजून पाहिली नव्हती, त्या दिवशी त्यांच्याबरोबर बिस्किटं खाल्ली. आणि मी दाखला दिला. दुकानात येऊन लेटरहेड घेतलं, स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली, शिक्का मारला. सर्व वीस संगणक कालबाह्य असून दुरुस्तीस व क्षमतावाढीस अयोग्य आहेत. ज्यातली एक मी स्वतः काही आठवड्यांपूर्वी वाढवून दिली होती आणि जिच्यासाठी मुलं भांडत होती, तिच्यासकट वीस.

मी स्वतःला सांगितलं की हे मॅडमसाठीच केलं. दाखला द्यायला शाळेत गेलो तेव्हा त्या व्हरांड्यात भेटल्या. "भाऊ, काय लिहून दिलं?"

"तुमचं नाव कुठंच येत नाही," मी म्हटलं. "काळजी करू नका."

त्या "बरं" म्हणाल्या आणि तासावर गेल्या. मला त्या दिवशी फार चांगलं काम केल्यासारखं वाटलं.

जूनमध्ये त्यांची ऑर्डर निघाली नाही. कारण साधं होतं: नव्या मशिनींची देखभाल बाहेर दिली आहे, आता लॅबमध्ये वेगळा माणूस कशाला? बाहेर म्हणजे माझ्याकडे. हे मला आधी कळलं नव्हतं असं मी पुष्कळांना सांगितलं आहे. खरं असं आहे की देखभालीचं काम म्हणजे कोणाचं काम, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही. देखभालीच्या पहिल्या भेटीला गेलो तर त्यांचीच खुर्ची मला बसायला दिली. मुलांना कॉम्प्युटर आता पीटीचे सर शिकवतात. "कवायतीसारखंच आहे," ते मला म्हणाले, "सगळ्याईनं एकदम एंटर दाबाचं."

जुन्या मशिनी माझ्या दाखल्याची प्रत जोडून भंगारात निघाल्या.

पावसाळा संपता संपता मॅडम दुकानात आल्या. ऑटोवाल्याने एक कॅबिनेट आणून काउंटरवर ठेवलं. मी बघताक्षणी ओळखलं, बाजूला शाळेचा नंबर अजून रंगवलेला होता. कामठीच्या भंगारवाल्याकडून त्यांनी त्यातल्या सहा उचलल्या होत्या. घरातल्या पुढच्या खोलीत मुलांचा क्लास सुरू केला होता. शेजारी लूम खडखडतात तेव्हा त्यांना ओरडून शिकवावं लागतं, असं त्या हसत म्हणाल्या.

"डीडीआर थ्री, चार जीबी, सहा नग," त्या म्हणाल्या. "सगळ्या याच्यावर लावून दाखवा."

मी एकेक पट्टी लावून मशीन चालू केली. सहाही वेळा स्क्रीन झटकन उघडली. त्या माझ्या हाताकडे नाही, स्क्रीनकडे बघत होत्या. सहावी झाल्यावर म्हणाल्या, "चालून राहिली न, भाऊ?"

"हो."

"मग तसं लिहून द्या."

मला आधी समजलं नाही. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. शाळेने दिलेला अनुभवाचा दाखला. आठ वर्षांच्या नोकरीवर तीन ओळी होत्या आणि शेवटची ओळ अशी: 'तांत्रिक मागणी चुकीची नोंदविल्याने संस्थेचे नुकसान झाले.' सचिवसाहेबांच्या 'कोनाचाच दोष नाही'चा अर्थ हा होता.

"दोन शाळाईत मुलाखत झाली," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडे हे वाचलं आन् म्हनलं, कळवतो. पुढच्या आठवड्यात तिसरी आहे. क्लासवर पोरीचं शिक्षण नाई होत, भाऊ. तुमी फक्त एवढं लिहा की माझी मागनी बराबर होती आन् ह्या मशिनी चांगल्या आहेत. तुमाले माहीत आहे."

लेटरहेडचं पॅड माझ्या हाताशीच होतं. मी लिहिलं असतं तर माझ्याच शिक्क्याचे दोन कागद झाले असते, एक खरा आणि एक खोटा, आणि खोटा शाळेच्या फाइलीत. देखभालीचं काम गेलं असतंच, वर कोणी विचारलं असतं तर उत्तर नव्हतं. हे सगळं माझ्या डोक्यात येऊन गेलं. मॅडमना ते माझ्या तोंडावर दिसलंच असणार.

मी म्हटलं, "आज जरा घाईत आहे. उद्या देतो."

 त्यांनी दाखला घडी करून पिशवीत ठेवला. "राहू द्या," म्हणाल्या. रॅमचं बिल मी कमी लावायला गेलो तर त्यांनी पूर्ण लावायला सांगितलं. ऑटोवाल्याने कॅबिनेट उचललं आणि त्या गेल्या. परत आल्या नाहीत. तिसऱ्या शाळेने काय कळवलं ते मला माहीत नाही, विचारायचं तोंड मला नव्हतं. त्याला वर्ष झालं. या वर्षभरात मी बारा वेळा त्या लॅबमध्ये गेलो, त्या खुर्चीवर बसलो आणि भेट दिल्याची सही केली.

मॅडमच्या जागी दुसरं कोणी असतं तर शिव्या देऊन गेलं असतं आणि मी त्या गिळून विसरलो असतो. त्यांनी काही म्हटलं नाही, त्यामुळे मला अजून लाज वाटते. म्हणून संपादकांचा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एका कागदावर लिहून दिलं असतं तर तो फाइलीतून नाहीसा व्हायला वेळ लागला नसता, तसे कागद नाहीसे होताना मी पाहिले आहेत. अंकाच्या सगळ्या प्रती नाहीशा करायला हेडक्लार्कना जरा श्रम पडतील. सचिवसाहेब तर हा अंक नक्की उघडतील, मागच्या पानांवर त्यांच्या शुभेच्छा फोटोसकट छापून येतात.

तर लिहून देतो ते असं. मागणीचा मूळ कागद माझ्या दुकानात, माझ्यासमोर, पराते मॅडमच्या हाताने लिहिला गेला. त्यात डीडीआर थ्रीच लिहिलं होतं आणि ते बरोबर होतं. वीसही मशिनी मी उघडून तपासल्या होत्या. एकोणीस चांगल्या होत्या, विसावी चुकीची पट्टी दाबून बसवताना मोडली. त्या कालबाह्य असल्याचा जो दाखला माझ्या सहीने शाळेच्या फाइलीत आहे तो खोटा आहे, आणि तो खोटा असल्याचं मला लिहिताना माहीत होतं.

मॅडम, छापील कागदावर सही-शिक्का नसतो, आणि मुलाखत घेणारे तो मागतील. हा अंक हाती पडेल त्या दिवशी शिक्का घेऊन मी कामठीला येतो. उद्या म्हणणार नाही.